पाण्यानें बांधलेलें गांव

हल्लीं आपल्याकडील मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि परदेशप्रवासाचे बेत करूं लागलीं आहेत, आणि त्या बेतांत इंडोनेशियांतील बाली बेटाचें नांव बहुधा पहिल्या दोनतीन नांवांत असतें. २०२४ सालीं त्या बेटावर उतरलेल्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीयांचाच क्रमांक होता. समुद्रकिनारा, देवळें, नृत्यें आणि बाजार पाहून मंडळी परत येतात. आणि त्यांच्यापैकीं चार पैसे गांठीं असलेला एखादा गृहस्थ, आपणहि तेथें एखादें घर घ्यावें, एखादें उपाहारगृह चालवावें, अशीं स्वप्नें पाहूं लागतो. या दोन्ही प्रकारच्या लोकांकरितां, म्हणजे पाहुण्यांकरितां आणि भांडवल गुंतविणाऱ्यांकरितां, त्या बेटावरील एका शेतकरी गांवाची ओळख करून द्यावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी जन्मभर शाळेंत भूगोल आणि अंकगणित हे दोन विषय शिकविले. एरवीं हे दोन विषय एकमेकांशीं फारसे बोलत नाहींत. परंतु या गांवाची हकीकत त्या दोहोंच्या मिलाफावांचून नीट समजत नाहीं. म्हणूनच ती सांगण्याचें धाडस मी करीत आहें.

गांवाचें नांव जतिलुविह. बालीच्या मध्यापासून थोडें पश्चिमेस, तबानान जिल्ह्याच्या पेनेबेल तालुक्यांत, बातुकारू नांवाच्या ज्वालामुखी पर्वताच्या दक्षिण उतरणीवर तें वसलें आहे. पर्वताची उंची २,२७६ मीटर. गांव आहे सुमारें ७०० मीटरांवर. देनपसार या राजधानीच्या शहरापासून मोटारीनें दीड-दोन तासांची वाट. तबानान जिल्ह्यास बाली बेटाचें भाताचें कोठार म्हणतात, आणि जतिलुविह हें त्या कोठाराच्या माथ्यावरचें गांव होय. 'जति' म्हणजे खरें आणि 'लुविह' म्हणजे उत्तम. खरोखर उत्तम, असा या नांवाचा अर्थ लोक सांगतात. त्यांतील 'जति' हा शब्द मूळचा आपल्या संस्कृतांतलाच. जावामार्गें तो तिकडे गेला आणि तिकडचाच झाला.

कोंकणांतल्या माणसाला तेथील देखावा अगदींच परका वाटणार नाहीं. तींच भाताचीं खाचरें, तेच बांध, तीच चिखलणी आणि लावणी. फरक एवढाच कीं, आपल्याकडे खाचरें बहुधा खलाटीला किंवा डोंगराच्या पायथ्याशीं असतात. तेथें तीं डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेलीं आहेत. प्रत्येक पायरी डोंगराच्या वळणाबरोबर वळते. लावणीच्या दिवसांत त्या पायऱ्यांत आभाळ उतरलेलें दिसतें, आणि पुढें दोन महिन्यांनीं पाहावें तों सारा डोंगर हिरवा झालेला असतो. येथील विशेष पीक म्हणजे तांबडा भात. त्याचें रोप माणसाच्या छातीपर्यंत उंच होतें आणि त्याला पिकावयाला पांचसहा महिने लागतात. तो बहुधा पौष-माघाच्या सुमारास लावतात. त्याची कापणी झाल्यावर दुसऱ्या हंगामांत लवकर येणारें, ठेंगणें भात घेतात. उंच भाताचीं कणसें तेथें मुठींत लपेल एवढ्या लहान पात्यानें एकएक खुडून काढण्याची जुनी रीत आहे. कापणी झालेल्या खाचरांत बदकें सोडतात. तीं सांडलेले दाणे, किडे आणि गोगलगायी वेंचतात आणि जातां जातां शेताला खतहि देतात.

हें झालें डोळ्यांना दिसणारें गांव. परंतु जतिलुविह येथें खरें पाहण्यासारखें जें आहे, तें भात नव्हे, पाणी होय.

भूगोलाचा विद्यार्थी येथें एक शंका काढील. बातुकारूवर पाऊस भरपूर पडतो, नद्या पुष्कळ आहेत. मग पाण्याचें एवढें कौतुक कशाला? उत्तर असें कीं, या नद्यांनीं मऊ ज्वालामुखी खडक खोल कापून काढला आहे, आणि त्या अरुंद घळींच्या तळाशीं वाहतात. शेत वर, नदी खालीं. शेजारून वाहणारें पाणी डोळ्यांनीं दिसतें, पण खाचरांत येत नाहीं. म्हणून बालीच्या शेतकऱ्यांनीं फार पूर्वीं एक युक्ति योजिली. नदीवर पुष्कळ वरच्या अंगास लहानसा बंधारा घालावयाचा. तेथून पाट काढावयाचा. आड डोंगर आला तर पहारीनें बोगदा पाडावयाचा. आणि उतार संभाळीत संभाळीत तें पाणी दूरवर आणून शेतांच्या माथ्यावर सोडावयाचें. तेथून तें एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत जातें. येतांना तें ज्वालामुखीच्या खडकांतील पोषक क्षारहि बरोबर आणतें, म्हणजे पाटाबरोबर खतहि येतें.

आतां हें काम एका कुटुंबाच्या आवांक्यांतलें नव्हे, हें उघड आहे. बोगदा दहाजणांनीं पाडला पाहिजे, पाटांतला गाळ शंभरजणांनीं काढला पाहिजे, आणि आलेलें पाणी सर्वांनीं वांटून घेतलें पाहिजे. या गरजेंतून जी संस्था उत्पन्न झाली तिचें नांव 'सुबक'. या शब्दाचें जुनें रूप अकराव्या शतकांतील लेखांतहि आढळतें. म्हणजे ज्ञानेश्वरमहाराजांच्याहि पूर्वीं दोनशें वर्षें ही व्यवस्था तेथें नांदत होती. एका मुखाचें पाणी घेणारे जितके शेतकरी, तितक्यांचा मिळून एक सुबक. अशा सुमारें १,२०० संस्था बेटावर आहेत, आणि एकेकींत ५० पासून ४०० पर्यंत शेतकरी असतात. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, सुबकाची हद्द गांवाच्या हद्दीवरून ठरत नाहीं, पाण्याच्या वाटेवरून ठरते. जतिलुविह येथील सुबकाखालीं सुमारें ३०० हेक्टर खाचरें आहेत, आणि त्यांच्या सात पोटतुकड्या आहेत.

सुबकाच्या प्रमुखास 'पेकासेह' म्हणतात. तो सभासदांनीं निवडलेला असतो. सभेंत ज्याची जमीन मोठी त्याचें मत मोठें, असा प्रकार नाहीं. प्रत्येक सभासदास एक मत. बालीच्या भाषेंत, आपल्या 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' यांच्याहून कितीतरी अधिक बारकाव्यानें, लहानमोठ्यांशीं बोलण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. तेथें वर्णभेदहि आहे. परंतु सुबकाच्या सभेंत प्रत्येकानें प्रत्येकाशीं आदराच्या भाषेंतच बोलावें, असा शिरस्ता आहे. संस्थेचे नियम लिहिलेले असतात. पाटाच्या दुरुस्तीला न येणाराला, पाणी चोरणाराला दंड असतो, आणि तो वसूलहि होतो.

पाण्याची वांटणी कशी करतात, तें पाहिलें म्हणजे अंकगणिताच्या मास्तराला समाधान वाटतें. पाटाच्या आडवें एक लांकूड बसविलेलें असतें आणि त्याला वरून खांचा पाडलेल्या असतात. एका खांचेची रुंदी तिच्यापलीकडील शेतांच्या हिश्शाइतकी. ज्यांचे तीन हिस्से त्यांची खांच तीन बोटें, ज्यांचे दोन त्यांची दोन बोटें, असें समजा. पाटाला पाणी भरपूर आलें तर सर्वांना भरपूर; अर्धें आलें तर सर्वांनाच अर्धें. याला आपण पाठ्यपुस्तकांत समप्रमाण म्हणतों, आणि मुलांना तें फळ्यावर कंटाळवाणें वाटतें. तेथें तें लांकडांत कोरलेलें आहे, आणि त्यावर शेंकडों घरांची चूल अवलंबून आहे. शिवाय लबाडी झांकून राहत नाहीं. खांचेखालीं कोणी दगड सारला तर रस्त्यानें जाणाऱ्या पोरालाहि तो दिसतो.

परंतु खांचा पाडलेलें लांकूड एका पाटावर न्याय करूं शकतें; सबंध नदीवर न्याय कोणी करावयाचा? वरच्या अंगाचा सुबक आणि खालच्या अंगाचा सुबक यांच्यांत तंटा लागला तर? पाण्याच्या बाबतींत जगांत सर्वत्र एकच अनुभव आहे. जो वर बसला त्याचें फावतें, आणि शेवटच्या टोकाच्या माणसाचा पाट कोरडा पडतो. आपल्याकडील कोणत्याहि कालव्याच्या शेंवटावर जाऊन पाहावें. मग बालींतला वरचा शेतकरी खालच्याला पाणी कां सोडतो? तो काय आपल्याहून अधिक सज्जन आहे?

या प्रश्नाचें उत्तर फार मार्मिक आहे. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें बालींतील पाण्याच्या देवळांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला, आणि १९९१ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या अभ्यासांतून असें दिसून आलें कीं, खालच्या शेतकऱ्याला चिंता पाण्याची असते, तर वरच्या शेतकऱ्याला चिंता किडीची असते. भातावरचे तुडतुडे आणि उंदीर हे बांध आणि हद्द मानीत नाहींत. डोंगरावरील सर्व खाचरें जर एकदम लावलीं आणि एकदम कापून पाण्याखालीं मोकळीं ठेवलीं, तर किडीला खावयाला कांहीं उरत नाहीं व ती मरते. पण प्रत्येकानें आपापल्या सोयीनें, कोणी आज कोणी महिन्यानें, लावणी केली तर कीड या शेतावरून त्या शेतावर वर्षभर जेवत फिरते. तेव्हां वरच्या शेतकऱ्याला खालच्यांचें सहकार्य हवें असतें. 'तूं माझ्याबरोबर लाव, माझ्याबरोबर काप', एवढेंच तो मागतो. खालचा म्हणतो, 'लावतों. पण लावणीच्या वेळीं मला पाणी पोहोंचलें पाहिजे'. सर्वांनीं एकदम लावलें तर पाणी पुरत नाहीं, आणि पाळीपाळीनें लावलें तर कीड मरत नाहीं. या दोन टोकांमध्यें नेमका मेळ घालावा लागतो. किती सुबकांनीं एकत्र लावावें आणि कितींनीं पंधरवडाभर थांबावें, हें ठरवावें लागतें.

हा मेळ कोठें घातला जातो? देवळांत. प्रत्येक शेताच्या तोंडाशीं, जेथें पाटाचें पाणी पहिल्यानें आंत शिरतें तेथें, एक लहानसें देवस्थान असतें. त्याच्या वर सुबकाचें देऊळ. त्याच्या वर बंधाऱ्याचें. आणि सर्वांत वर सरोवराचें किंवा पर्वताचें. बातुकारूवरील देऊळ अशांपैकींच मोठें क्षेत्र आहे. एका देवळाखालच्या सर्व सुबकांचे लोक उत्सवाला जमतात, श्रीदेवीला नैवेद्य दाखवितात, आणि त्याच बैठकींत पुढच्या हंगामाचा दिवस ठरवितात. श्रीदेवी म्हणजे तेथील भाताची देवता. नांवावरून आपण तिला ओळखालच. देव, माणूस आणि भूमि या तिघांशीं नीट वागण्यानेंच हित साधतें, असा त्यांचा सिद्धांत आहे. 'त्रि-हित-करण' हें त्याचें नांव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आलें. वागणूक मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे.

म्हणजे हें गांव पाण्यानें बांधलेलें आहे खरें, पण तें एका दोरीनें नव्हे, दोन दोऱ्यांनीं. खालच्याला वरच्याचें पाणी हवें, आणि वरच्याला खालच्याची साथ हवी. एक दोरी सुटली कीं दुसरीहि ढिली होते. माझ्या आजच्या भाषणांतून श्रोत्यांनीं एकच गोष्ट लक्षांत ठेवावयाची म्हटली तर ती ही ठेवावी. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें सारें हिच्यावरूनच निघतें.

हें केवळ पांडित्य नव्हे. त्याची परीक्षा एकदां झालेली आहे. १९७० नंतरच्या दशकांत इंडोनेशियाच्या सरकारनें धान्याचें उत्पादन वाढविण्याकरितां नवीं बियाणीं, रासायनिक खतें आणि कीटकनाशकें यांचा सपाटून प्रसार केला. हेतु चांगलाच होता. लोक उपाशी राहूं नयेत, असें कोणत्या सरकारला वाटणार नाहीं? परंतु शेतकऱ्यांना सांगण्यांत आलें कीं, देवळाच्या पंचांगाची वाट पाहूं नका; शेत मोकळें झालें कीं लगेच पुढचें पीक लावा. पहिलीं एकदोन वर्षें कोठारें भरलीं. मग तपकिरी तुडतुडे आले, त्यांच्या पाठोपाठ टुंग्रो नांवाचा रोग आला, आणि पाण्याच्या वेळा चुकूं लागल्या. औषधें फवारावीं तों कीड मारणारे कोळी आणि किडे आधीं मरत आणि तुडतुडे पुन्हां उसळत. शेवटीं कित्येक ठिकाणच्या शेतकऱ्यांनीं देवळांच्या पंचांगाप्रमाणें लावणी करूं द्या, असा आग्रह धरला. १९८६ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें भातावर वापरावयाच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. ज्या आशियाई विकास बँकेनें बालींतील पाटबंधाऱ्यांच्या योजनेस कर्ज दिलें होतें, तिच्या स्वतःच्या पाहणींतहि जुन्या पद्धतीचें महत्त्व न ओळखल्यामुळें नुकसान झालें, असें पुढें मान्य करण्यांत आलें. जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पण जी यंत्रणा चालू आहे तिचें प्रत्येक चाक कशासाठीं फिरतें हें कळल्याशिवाय तें काढूं नये, एवढा बोध यांत आहे.

पुढें जगाचें लक्ष या खाचरांकडे वळलें. २०१२ सालीं युनेस्कोनें बालीच्या सुबक-व्यवस्थेस जागतिक वारशांत स्थान दिलें. त्यांत बेटावरील पांच स्थळें मिळून सुमारें १९,५०० हेक्टरांचा प्रदेश येतो, आणि जतिलुविह हा त्यांतला अतिशय प्रसिद्ध भाग होय. २०२४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन-संस्थेनें उत्तम पर्यटन-गांवांच्या यादींत जतिलुविहचें नांव घातलें. मोटारींची रांग लागूं लागली. देखावा पाहावयाला प्रवेशपत्र आलें. खाचरांच्या कडेला चहाकॉफीचीं दुकानें, उपाहारगृहें, राहण्याचीं घरें उभीं राहिलीं.

आणि येथेंच अडचण सुरू झाली. खाचराचा देखावा हा शेतकऱ्याच्या कष्टांचा देखावा असतो. तो दररोज चिखलांत उतरतो म्हणून पाहुण्याला हिरवा डोंगर दिसतो. पण पाहुण्याचा पैसा बहुतेक पडतो तो कडेच्या दुकानांत. एका भाताच्या हंगामांत शेतकऱ्याच्या हातीं जें येतें, त्याची बरोबरी रस्त्याकडेचें उपाहारगृह फार थोड्या दिवसांत करतें. मग ज्याचें शेत रस्त्याला लागून आहे, त्याला त्याचा एक कोपरा भरून तेथें छप्पर उभारावें असें वाटलें तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? दुसऱ्या बाजूनें पाहावें तर प्रत्येकानें एकएक कोपरा भरला म्हणजे खाचरेंच उरणार नाहींत, आणि मग पाहुणा तरी काय पाहावयास येईल?

हा तंटा २०२५ च्या डिसेंबर महिन्यांत उघड्यावर आला. प्रांतिक विधिमंडळाच्या एका समितीनें जतिलुविह येथील तेरा बांधकामें शेतजमिनीच्या नियमांविरुद्ध आहेत असें ठरवून तीं बंद करण्याची कारवाई केली. त्यांपैकीं कांहीं स्थानिक लोकांचींच होतीं. त्यावर कांहीं शेतकऱ्यांनीं जें केलें, तें शब्दांपेक्षांहि बोलकें होतें. त्यांनीं आपल्या खाचरांत जस्ताचे पत्रे उभे केले. उन्हांत ते पत्रे चकाकूं लागले, आणि जो देखावा पाहावयाला जग येत होतें त्याच्या डोळ्यांतच ती चकाकी शिरली. शेतकऱ्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: शेत आमचें, कष्ट आमचे, आणि देखावा मात्र सर्वांचा, मग नियम फक्त आमच्यासाठींच कां? कायदा राखणारांचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. भातशेती गेली तर वारसाहि जाईल. दोन्ही बाजूंना सत्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे.

आतां प्रथम पाहुण्यांविषयीं. जतिलुविहला जाणारानें तेथें निदान एक रात्र राहावें. तासाभरांत छायाचित्रें काढून परतूं नये. गांवांतल्या माणसाच्या घरीं उतरण्याची सोय होत असेल तर ती आधीं पाहावी. फिरतांना बांधावरून चालावें, पण पाटांत पाय घालूं नये, खांचांच्या लांकडाला हात लावूं नये, आणि बांधावर ठेवलेला पानाफुलांचा नैवेद्य ओलांडूं नये. देवळांत जावयाचें तर कमरेला लुंगी आणि तिच्यावर पट्टा बांधण्याची रीत आहे; ती पाळावी. जेवतांना तांबडा भात मागावा. भाजलेल्या तांबड्या तांदुळाचा चहाहि तेथें मिळतो. परतीच्या वेळीं कांहीं विकत घ्यावयाचें तर तो तांदूळच घ्यावा. त्याच्या किमतींतला पैसा शेताकडे जाण्याचा संभव अधिक. परदेशी पाहुण्यांकडून १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत दीड लाख रुपया कर घेतो. आंकडा ऐकून घाबरूं नये, तिकडील रुपया फार लहान आहे.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला मौजेची वाटेल. बालीमध्यें शक-गणना चालते, आणि त्यांच्या वर्षाचा आंकडा आपल्या शालिवाहन शकाशीं जुळतो. त्यांचा वर्षारंभ आपल्या पाडव्याच्या आगेंमागें येतो; अधिक महिन्याच्या फरकामुळें कधीं कधीं महिनाभराचें अंतर पडतें. पण आपण गुढी उभारून वर्षाचें स्वागत करतों, आणि ते त्या दिवशीं संपूर्ण मौन पाळतात. 'न्येपी' या त्या दिवशीं बेटावर कोणी घराबाहेर पडत नाहीं, दिवा लावीत नाहीं. विमानतळसुद्धां अहोरात्र बंद असतो. ही तिथि पाहूनच प्रवासाची तारीख ठरवावी, किंवा मुद्दाम ती साधून मौनाचा अनुभव घ्यावा.

आतां भांडवलवाल्यांविषयीं. त्यांना पहिली गोष्ट कायद्याची सांगितली पाहिजे. इंडोनेशियाच्या १९६० सालच्या जमिनीच्या मूळ कायद्याप्रमाणें जमिनीची पूर्ण मालकी परदेशी माणसाला मिळत नाहीं. तिला तिकडे 'हक मिलिक' म्हणतात. आपले 'हक्क' आणि 'मालक' हे शब्द त्याच अरबी घराण्यांतले. परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क मिळूं शकतो. परदेशी भांडवलाची रीतसर कंपनी काढली तर ठरावीक मुदतीचा इमारतीचा हक्क मिळूं शकतो. पण तेथल्या एखाद्या गृहस्थाचें नांव पुढें करून मागून आपण मालक व्हावयाचें, असला व्यवहार कायद्यानें रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊं शकते. गोड बोलणारे दलाल ही गोष्ट सांगत नाहींत. शिवाय कायम भातशेती राखण्याकरितां २००९ सालचा निराळा कायदा आहे. तेव्हां खाचरावर घर बांधण्याचा बेत मुळांतच सोडावा.

परंतु कायद्याच्याहि पलीकडचा एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक गुंतवणूकदारानें स्वतःस विचारावा. मघां मी दोन दोऱ्यांची गोष्ट सांगितली. वरचा शेतकरी पाणी सोडतो, कारण त्याला किडीची भीति असते. आतां त्याच डोंगरावर एक पोहण्याचा हौद असलेलें विश्रामगृह उभें राहिलें, असें समजा. तेंहि पाणी घेणार. पण त्याला तुडतुड्यांची भीति आहे काय? खालच्या खाचरांत उद्यां काय लागलें, यानें त्याचें कांहीं बिघडतें काय? कांहीं नाहीं. म्हणजे वर बसलेला असा एक शेजारी उत्पन्न झाला कीं ज्याच्या गळ्यांत एकहि दोरी नाहीं. हजार वर्षें टिकलेली व्यवस्था अशा शेजाऱ्यापुढें हतबल असते. तो मनुष्य दुष्ट असावा लागत नाहीं. तो मोकळा असला एवढें पुरे आहे.

म्हणून माझें सांगणें असें कीं, ज्याला तेथें पैसा घालावयाचाच असेल, त्यानें आधीं आपल्या गळ्यांत एक दोरी बांधून घ्यावी. भात पिकलें नाहीं तर आपलाहि तोटा व्हावा, अशा धंद्यांत पैसा घालावा. तांबड्या तांदुळाची साफसूफ करण्याची गिरणी, त्याची चांगली बांधणी आणि दूरच्या बाजारांत विक्री. असलेल्या घरांत पाहुण्यांची सोय करण्यासाठीं घरमालकाशीं सरळ भागीदारी. बोगद्याच्या आणि पाटाच्या दुरुस्तीला सुबकाच्या संमतीनें द्यावयाची मदत. हे मार्ग आहेत. यांत नफा हळू येईल. पण तो आला तर खाचराला मारून येणार नाहीं. आणि कोणताहि करार करावयाचा तर जिल्ह्याच्या कचेरीइतकीच पेकासेहचीहि संमति घ्यावी. कारण पाण्याचा खरा दस्तऐवज कचेरींत नसतो, तो त्या खांचा पाडलेल्या लांकडांत असतो.

कोणी म्हणेल, दूर बेटावरच्या या गोष्टीचें आम्हांस काय? श्रोतेहो, आपल्याच धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड-बागाइताची पद्धत शतकानुशतकें चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि पाटकऱ्यानें पाळीनें पाणी द्यावयाचें. ज्या वर्षीं पाणी कमी, त्या वर्षीं एखादा फड सर्वांनीं मिळून कोरडा ठेवावयाचा. आणि प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळें नुकसानीचा वांटाहि सर्वांना सारखा. तें अंकगणित बालीच्या खांचांच्या लांकडाहून निराळें नव्हे. नदीच्या वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, ऊंस आला, ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, आणि ती पद्धत कित्येक ठिकाणीं क्षीण होत गेली. वरच्या माणसाच्या गळ्यांतली दोरी सुटली म्हणजे काय होतें, हें पाहावयाला आपल्याला समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं.

तरीपण जतिलुविहला अवश्य जावें. पायऱ्यापायऱ्यांनीं उतरणारें तें हिरवें भात पाहून मन निवेल, यांत शंका नाहीं. परंतु सर्वांत वरच्या पायरीवरून छायाचित्र घेऊन समाधान मानूं नये. पाटाच्या कडेनें हळूहळू खालीं उतरत जावें, आणि सर्वांत खालच्या खाचरापाशीं थांबावें. तेथें पाणी पोहोंचलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. पोहोंचलें असेल तर वरचीं सारीं माणसें अजून एकमेकांशीं बांधलेलीं आहेत, असें समजावें. त्या गांवाचें ऐश्वर्य मोजण्याचें याहून खरें माप मला तरी ठाऊक नाहीं.